मेंदूचं स्टिम्युलेशन, बीसीआय आणि न्यूरोसर्जनचं अकॅडमिक करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला सतत येत असतात. बीजे, एएफएमसी, भारती या पुण्यातल्या मेडिकल कॉलेजांची पोरं-पोरी विचारतात, सीओईपीच्या इंजिनिअरिंगवाल्यांचे मेल येतात, आईवडील विचारतात, आणि सगळ्यात जास्त विचारतात ती पार्किन्सन्सच्या पेशंटच्या घरची माणसं. दरवेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. मी पुण्यात फंक्शनल न्यूरोसर्जरी करते आणि शिकवते. पेशंटचे नातेवाईक असाल तर हे माहिती म्हणून वाचा, निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

१. फंक्शनल न्यूरोसर्जन म्हणजे काय? ट्यूमर काढणाऱ्या सर्जनपेक्षा वेगळं काय करता?

ट्रेनिंग सगळ्यांचं एकच. डोक्याला मार, रक्तस्राव, ट्यूमर, मणका हे सगळं आम्हालाही येतं आणि इमर्जन्सी ड्युटीला करावंही लागतं. फरक असा की फंक्शनलमध्ये एमआरआयवर बऱ्याचदा काढण्यासारखं काही दिसतच नाही, मेंदूचं सर्किट चुकीच्या लयीत चाललेलं असतं आणि ती लय बदलायची असते. पार्किन्सन्स, डिस्टोनिया (स्नायू आपोआप आखडून पिळवटतात), एसेन्शियल ट्रेमर (हातांचा कंप), औषधांना दाद न देणारी एपिलेप्सी, काही प्रकारच्या जुनाट वेदना हे आमचे मुख्य आजार.

२. डीबीएस आणि बीसीआय एकच का?

नाही. डीबीएसमध्ये म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशनमध्ये साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची वायर मेंदूच्या खोल भागात बसवतात, छातीत कातडीखाली बॅटरी असते आणि तिथून सेकंदाला बहुतेक वेळा १३० च्या आसपास पल्स जातात. म्हणजे आपण मेंदूला काहीतरी देतोय. बीसीआयमध्ये म्हणजे ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेसमध्ये उलटं असतं, मेंदूतले सिग्नल वाचून त्यावर कर्सर, रोबोटचा हात किंवा आवाज चालवतात.

पण ही भिंत आता पातळ होत चाललीय. एपिलेप्सीसाठीचं आरएनएस हे मेंदूत बसवायचं यंत्र, ज्याला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०१३ मध्ये मान्यता दिली, ते फिटचा सिग्नल ओळखून लगेच करंट देतं. पार्किन्सन्ससाठी पेशंटच्या मेंदूतली लय बघून करंट स्वतःच कमी-जास्त करणाऱ्या डीबीएसला २०२५ मध्ये तिथे मान्यता मिळाली. पिट्सबर्गला तर पॅरालिसिस झालेल्या एका माणसाला मेंदूत करंट देऊन रोबोटच्या बोटांचा स्पर्श जाणवून दिला, ते काम २०१६ मध्ये छापून आलं. पुढची पंचवीस वर्षं रिसर्च करायचा असेल तर दोन्ही बाजू शिकून घ्या.

३. हे सगळं न्यूरालिंकने सुरू केलं ना?

न्यूरालिंक या इलॉन मस्कच्या कंपनीने पहिल्या माणसात इम्प्लांट बसवलं ते जानेवारी २०२४ मध्ये. त्याआधीची रांग खूप मोठी आहे. जर्मनीत फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी १८७० मध्ये कुत्र्याच्या मेंदूला करंट देऊन पाय हलवून दाखवला. हान्स बर्गरने माणसाचा ईईजी, म्हणजे डोक्यावरून घेतलेली मेंदूतल्या विजेची नोंद, १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्डने जाग्या पेशंटच्या मेंदूला बारीक करंट देऊन हात कुठे, तोंड कुठे याचा नकाशा काढला. बीसीआय हे नाव जॅक व्हिडाल यांनी १९७३ मध्ये वापरलं, आणि २००४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेनगेट या बीसीआयच्या ट्रायलमध्ये मॅथ्यू नेगल या पॅरालिसिस झालेल्या तरुणाला ९६ इलेक्ट्रोडचा सेन्सर बसवला, तो नुसत्या विचाराने कर्सर हलवायला लागला.

डीबीएसचं आजचं रूप फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या अलीम-लुई बेनाबिड यांचं. १९८७ मध्ये थॅलॅमस या मेंदूच्या खोलवरच्या केंद्राचा छोटा भाग जाळायचं ऑपरेशन करताना जागा तपासायला ते करंट देत होते, तेव्हा जास्त फ्रिक्वेन्सीला कंप थांबतो हे त्यांनी बघितलं आणि प्रश्न तिथे सोडून न देता त्याचा पाठपुरावा केला.

आणि हो, भारत यात नवखा नाही. वेल्लोरला १९४९ मध्ये देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग उभारणारे डॉ. जेकब चांडी हे पेनफिल्ड यांच्याच इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आले होते. मद्रासला डॉ. राममूर्ती, डॉ. बालसुब्रमण्यम आणि डॉ. कनका यांनी साठच्या दशकातच स्टिरिओटॅक्टिक सर्जरीचं, म्हणजे फ्रेमने मोजून मेंदूतल्या नेमक्या जागी पोचायच्या ऑपरेशनचं, मोठं काम केलं. आपल्या विद्यार्थ्यांना न्यूरालिंकच्या इम्प्लांटमधल्या इलेक्ट्रोडच्या धाग्यांची संख्या पाठ असते आणि कनका मॅडमचं नाव माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

४. एमबीबीएसनंतर नक्की रस्ता कसा? किती वर्षं लागतात?

एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मग दोन रस्ते. एक, नीट पीजी देऊन एमएस जनरल सर्जरी तीन वर्षं, मग नीट एसएस देऊन एमसीएच किंवा डीआरएनबी (दोन्ही सुपरस्पेशालिटीच्या पदव्या) न्यूरोसर्जरी तीन वर्षं. दुसरा, एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा कोर्स, तो एम्ससारख्या संस्थांमध्ये आयएनआय-सीईटी या प्रवेश परीक्षेने मिळतो आणि डीआरएनबीचाही थेट सहा वर्षांचा आहे. त्यानंतर फंक्शनलची फेलोशिप एक-दोन वर्षं, देशात किंवा बाहेर. सरकारी कॉलेजातून शिकलात तर बाँडचा, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचा, काळ वेगळा धरा.

म्हणजे बारावीनंतर सरळ मोजलं तरी साडेअकरा वर्षं आणि वर फेलोशिप. मी कुणाला घाबरवत नाहीये, पण घरी हा आकडा आधी सांगून ठेवा, कारण बरोबरचे मित्र आयटीत लागून हिंजवडीला फ्लॅट घेतात तेव्हा तुम्ही अजून रात्रपाळीत असता आणि तो ताण खरा असतो.

थेट की एमएस करून, यात माझं मत: रिसर्च करायचाच हे आधीच ठरलं असेल तर थेट कोर्स बरा, सहा वर्षं एकाच विभागात असता त्यामुळे एखादा प्रश्न लांबवर नेता येतो.

५. पीएचडी केलीच पाहिजे का?

केलीच पाहिजे असं नाही, पण ज्यांनी या विषयाला वळण दिलं त्यातल्या बऱ्याच जणांचा दुसरा पाय कुठल्यातरी दुसऱ्या विज्ञानात होता. बेनाबिड यांची फिजिक्समध्ये पीएचडी आहे. स्टॅनफर्डचे न्यूरोसर्जन जेमी हेंडरसन यांनी दुसरा पाय कृष्णा शेनॉय या इलेक्ट्रिकल इंजिनिअरच्या रूपाने शोधला, दोघांनी मिळून लॅब चालवली आणि त्यांच्या टीमने २०२१ मध्ये हाताने लिहिण्याच्या नुसत्या कल्पनेतून मिनिटाला ९० अक्षरं टाइप करून दाखवली. २०२३ मध्ये शेनॉय गेले, पण लॅबचं काम चालू आहे.

तेव्हा पर्याय असे: एमसीएचनंतर पीएचडी, किंवा एमबीबीएसनंतर आयआयटी खरगपूरचा एमएमएसटीसारखा डॉक्टरांसाठीचा टेक्नॉलॉजीचा कोर्स, किंवा पीएचडी न करता एका चांगल्या इंजिनिअरशी पक्की भागीदारी. तिसरा पर्याय लोक कमी लेखतात. पण त्यासाठी निदान पायथॉन, स्टॅटिस्टिक्स आणि सिग्नल प्रोसेसिंगचं इतकं तरी यायला हवं की समोरचा काय म्हणतोय ते कळेल आणि तो चुकला तर तेही कळेल.

६. सर्जन रिसर्च करतो म्हणजे नक्की काय करतो? ओटीत वेळ कुठे मिळतो?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, त्यामुळे उत्तर लांब आहे.

पार्किन्सन्सचं डीबीएस बऱ्याच ठिकाणी पेशंट जागा ठेवून करतात. आदल्या रात्रीपासून त्याची औषधं बंद असतात, त्यामुळे सकाळी येतो तेव्हा तो पूर्ण जखडलेला असतो. डोक्याला फ्रेम लावतो, स्कॅन करतो, जागा ठरवतो, कातडी बधिर करून कवटीला छोटं भोक पाडतो आणि केसासारखा बारीक मायक्रोइलेक्ट्रोड मिलिमीटरच्या अंशाने खाली सरकवतो. तो स्पीकरला जोडलेला असतो. पांढऱ्या भागातून जाताना जवळजवळ शांतता असते, आणि मग सबथॅलॅमिक न्यूक्लियस, म्हणजे जिथे वायर बसवायची ते छोटं केंद्र, लागला की पत्र्यावर पाऊस कोसळल्यासारखा आवाज येतो, ओटीतले सगळे बोलायचे थांबतात. न्यूक्लियस लांबीला सुमारे एक सेंटिमीटर, त्यातलाही हालचालीचा भाग हवा असतो, म्हणून कुणीतरी पेशंटचं मनगट हळूहळू फिरवतं आणि त्याबरोबर आवाज बदलतोय का ते ऐकतो. मग टेस्ट करंट देतो. "काका, आकडे मोजा बघू", "मूठ उघडझाप करा". दोन मिलिअँपला मनगट एकदम सैल पडतं आणि काका स्वतःच म्हणतात, "हात हलका झाला हो". करंट वाढवल्यावर जीभ अडखळली किंवा गाल ओढला गेला तर आपण शेजारच्या इंटर्नल कॅप्सूलच्या, म्हणजे हालचालीचे संदेश नेणाऱ्या तंतूंच्या जुडग्याच्या, फार जवळ आहोत हे कळतं.

आता यात रिसर्च कुठे? तर जी वायर उपचारासाठी आत गेलीच आहे तिच्यातून, पेशंटची आधीच लेखी परवानगी असेल तर, दहा-पंधरा मिनिटं जास्तीचं रेकॉर्डिंग करता येतं. हात हलवताना काय होतं, हलवायचं ठरवून थांबवलं तर काय होतं, बोलायच्या आधी काय होतं. पार्किन्सन्समध्ये १३ ते ३० हर्ट्झची बीटा लय वाढलेली असते आणि औषध किंवा करंटने ती दबते, हे ज्ञान अशाच रेकॉर्डिंगमधून आलं आणि प्रश्न २ मधलं स्वतः जुळवून घेणारं डीबीएस त्यावरच उभं आहे. एपिलेप्सीच्या पेशंटमध्ये तर फिट कुठून सुरू होते ते शोधायला इलेक्ट्रोड कित्येक दिवस आत असतात, पेशंट बेडवर बसून कंटाळलेला असतो आणि बरेच जण आपणहून टेस्टमध्ये भाग घेतात.

जिवंत, जागा, बोलणारा माणूस आणि त्याच्या मेंदूच्या आतला सिग्नल हे दोन्ही एकाच वेळी समोर असण्याची जागा जगात फक्त तीच आहे. तिथे सर्जन नुसता वायर बसवून निघून गेला तर ती संधी कायमची गेली. म्हणून मी पोरांना सांगते की अकॅडमिक करिअर पेपरच्या आकड्यावर मोजू नका, ओटीत उभं असताना तुम्हाला प्रश्न पडतो का ते बघा. रेकॉर्डिंगनंतरचं काम, म्हणजे डेटा साफ करणं, अ‍ॅनालिसिस, लिहिणं, हे संध्याकाळी आणि रविवारीच होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

७. पुण्यात राहून हे होऊ शकतं का, की बंगलोर-दिल्ली-परदेश गाठावंच लागतं?

शिकायला बाहेर जा, जरूर जा. बंगलोरच्या निम्हान्सला, दिल्लीच्या एम्सला, त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटला जे पेशंटचं वैविध्य आणि शिस्त बघायला मिळते ती डोळे उघडणारी आहे. पण परत येऊन काम करायला पुणं वाईट नाही. डीबीएस होतं, एपिलेप्सी सर्जरी होते, पाषाणला आयसर ही विज्ञान संस्था आहे, सीओईपी आहे, कॉम्प्युटिंगचं सी-डॅक आहे, आयआयटी मुंबई तीन-चार तासांवर. अडचण बुद्धीची किंवा मशीनची नाहीये, एका छताखाली नसण्याची आहे. हॉस्पिटलवाले आणि आयसरवाले एकाच शहरात राहून वर्षानुवर्षं एकमेकांना भेटत नाहीत. मी आमच्या रेसिडेंट्सना सांगते की महिन्यातून एकदा तरी पाषाणला जाऊन एखादा सेमिनार ऐका, निम्मं कळलं नाही तरी चालेल.

थिसिसबद्दल: एमयूएचएस म्हणजे महाराष्ट्राच्या आरोग्य विद्यापीठाखाली एमसीएच करत असाल तर विषय पहिल्याच वर्षी ठरतो, तेव्हाच असा विषय घ्या ज्याचा डेटा तुमच्या विभागात खरोखर तयार होतो.

८. फंडिंग कोण देतं? आणि पगार?

केंद्र सरकारकडून आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन), डीबीटी (बायोटेक्नॉलॉजी), डीएसटीचा (विज्ञान-तंत्रज्ञान) कॉग्निटिव्ह सायन्सचा कार्यक्रम, आणि डॉक्टरांसाठी इंडिया अलायन्सच्या क्लिनिकल फेलोशिप्स. नव्या माणसाने छोट्या ग्रँटपासून सुरुवात करावी आणि अर्ज इंजिनिअर पार्टनरबरोबर लिहावा. मेडिकल कॉलेजात बढतीसाठी पेपर आणि बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स लागतो, तो लवकर उरकून टाका.

पगार खासगी प्रॅक्टिसपेक्षा कमी. बरेच जण शिकवतात आणि बाहेर ऑपरेशनही करतात, जिथे नियमात बसतं तिथे.

९. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. मला यात जागा आहे का?

भरपूर. डीकोडर, म्हणजे मेंदूच्या सिग्नलचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम, सर्जन बनवत नाहीत, तुम्ही बनवता. सुरुवातीला हॉस्पिटलचा डेटा मागू नका, कारण एथिक्स कमिटीशिवाय तो देता येत नाही आणि कुणी असाच देत असेल तर घेऊ नका. फिजिओनेट या साइटवर १०९ लोकांचा मोटर इमेजरीचा (नुसती हालचालीची कल्पना करतानाचा) ईईजी डेटा मोफत आहे, त्याच्या अ‍ॅनालिसिससाठी एमएनई-पायथॉन आणि ईईजीलॅब मोफत आहेत, डीबीएसच्या वायरची जागा एमआरआयवर बघायला लीड-डीबीएस आहे. त्यावर एक नीट काम करा, मग मेल करा. "सर, मला एआय येतं" एवढ्यावर कुणी उत्तर देत नाही, पण सोबत कोड आणि दोन आलेख असले की देतात. ओटीत एक दिवस उभं राहायची परवानगी मिळाली तर सोडू नका.

१०. माझ्या मुलीला न्यूरोसर्जरी घ्यायचीय. मुलींसाठी हे झेपतं का? लग्न, घर?

झेपतं. डॉ. कनका यांनी साठच्या दशकात न्यूरोसर्जरीची पदवी घेतली, तेव्हा आशिया खंडात या क्षेत्रात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ट्रेनिंगची वर्षं सगळ्यांनाच कठीण जातात, मुलग्यांनाही, फक्त त्यांच्या आईबाबांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. फंक्शनलमध्ये बरीचशी ऑपरेशन्स आधी ठरवून होतात, त्यामुळे पुढे आयुष्य थोडं आखता येतं. ताई, दादा, तुम्ही एवढंच करा की परीक्षेच्या आणि ड्युटीच्या वर्षांत तिच्यावर घरचं ओझं टाकू नका.

११. बाबांना पार्किन्सन्स आहे. डीबीएसने बरे होतील का?

आजार बरा होत नाही आणि थांबतही नाही. कंप, ताठरपणा, हालचालींचा मंदपणा, औषधामुळे होणारी अनावर हालचाल हे कमी होतं आणि बऱ्याचदा गोळ्याही कमी होतात. ढोबळ नियम असा की लिव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची, गोळी लागू पडल्यावर जे सुधारतं तेच डीबीएसने सुधारतं, कंप हा अपवाद, तो गोळीला दाद देत नसला तरी डीबीएसला देऊ शकतो. म्हणून आधी गोळी बंद ठेवून आणि मग देऊन टेस्ट करतात. विसरभोळेपणा बराच वाढला असेल, किंवा गोळी चालू असतानाही तोल जात असेल, तर फायदा कमी आणि त्रास जास्त. मेंदूत रक्तस्राव आणि इन्फेक्शन हे धोके कमी आहेत पण आहेत. खर्च लाखांत जातो, बॅटरी साधी की रिचार्जेबल यावर बराच फरक पडतो, आणि साधी काही वर्षांनी बदलावी लागते, ते बजेट आधीच धरा.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथल्या ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांच्याशी बोला. माझ्या अर्ध्या तासाच्या ओपीडीपेक्षा त्यांच्याकडून जास्त कळेल.

१२. डीबीएस बसवल्यावर एमआरआय, फिजिओथेरपी वगैरे चालतं का?

एमआरआय मॉडेलवर अवलंबून आहे, कार्ड दाखवून विचारल्याशिवाय करू नका. फिजिओथेरपीचे व्यायाम चालतात, पण डायथर्मी म्हणजे शॉर्टवेव्हचा शेक अजिबात नाही, अगदी गुडघ्यालासुद्धा नाही. वायर गरम होऊन मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गल्लीतल्या क्लिनिकमध्ये हे माहीत असेलच असं धरू नका, स्वतः सांगा.

१३. माझ्या भावाला एएलएस आहे, बोलणं गेलंय. त्याला चिप कधी मिळेल?

एएलएसमध्ये स्नायू चालवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात, म्हणून बोलणं जातं. आज बोलण्याचं इम्प्लांट कुठल्याही हॉस्पिटलात विकत मिळत नाही, जगात जे चाललंय ते ट्रायल्समध्ये. पण त्यात जे झालंय ते खरंच मोठं आहे. कॅलिफोर्नियात यूसी डेव्हिसला एएलएसच्या एका पेशंटला २५६ इलेक्ट्रोड बसवले आणि तो जे बोलायचा प्रयत्न करतो ते सुमारे ९७ टक्के अचूक पडद्यावर आलं, २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सुरक्षेबद्दल ब्रेनगेटचा अहवाल वाचण्यासारखा आहे: १४ जण, मिळून १२,२०३ दिवस, एकाच्याही मेंदूत इन्फेक्शन नाही.

तोपर्यंत वाट बघत बसू नका. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी साधनं, अक्षरांचा तक्ता, आणि आवाज पूर्ण जायच्या आत त्याचं रेकॉर्डिंग करून ठेवणं हे आज शक्य आहे. यूसी डेव्हिसच्या पेशंटला कॉम्प्युटरने त्याचाच जुना आवाज दिला तो अशाच रेकॉर्डिंगमुळे. ज्यांचं बोलणं नुकतंच अडखळायला लागलंय त्यांनी हे आजच करा. आणि "स्टेम सेल आणि चिप" असं काही पैसे घेऊन करून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

१४. हे मराठीत चालेल का?

आत्ताचे डीकोडर मुख्यतः इंग्रजीवर शिकलेत, ३९ उच्चारांचे तुकडे ओळखतात आणि मग भाषेचं मॉडेल त्यातून वाक्य जुळवतं. मराठीत क-ख, त-थ-ट-ठ, न-ण, ल-ळ असे फरक आहेत, ते मेंदूच्या बोलण्याच्या भागात कसे दिसतात हे आपल्या पेशंटमध्येच तपासावं लागेल. सॅन फ्रान्सिस्कोला एडवर्ड चँग यांच्या टीमने एकाच पेशंटचं स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही ओळखून दाखवलं, म्हणजे दार उघडं आहे. पण सोलापूरच्या आजीचं बोलणं ओळखणारा डीकोडर कॅलिफोर्नियात तयार होणार नाही. प्रश्न ६ मध्ये सांगितलेल्या जागेवर मराठी बोलणारे पेशंट आणि मराठी समजणारा सर्जन दोघं असतात. हे काम इथल्याच कुणीतरी करायचंय, आणि मी शिकवते त्याचं हे मोठं कारण आहे.

१५. डिप्रेशन किंवा ओसीडीसाठी डीबीएस करता का?

अगदी निवडक ओसीडीमध्ये, म्हणजे तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारात, जगभर केलं जातं. भारतात मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ च्या कलम ९६ प्रमाणे मानसिक आजारासाठी मेंदूवर ऑपरेशन करायचं तर स्वतः पेशंटची संमती आणि मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाची परवानगी दोन्ही लागतात, नातेवाईकांची सही पुरत नाही. डिप्रेशनमध्ये सुरुवातीचे निकाल खूप आशादायक होते, पण नंतरच्या दोन मोठ्या अमेरिकन ट्रायल्समध्ये खरा करंट आणि बंद ठेवलेलं मशीन यांत ठरलेल्या मुदतीत फरक दिसला नाही. ते निकाल छापले गेले हे चांगलं झालं, कारण त्यातूनच जागा कशी निवडायची आणि किती महिने थांबायचं याचा नव्याने विचार सुरू झाला.

१६. ट्रायल संपली किंवा कंपनी बंद पडली तर डोक्यातल्या इम्प्लांटचं काय?

हे आधी विचारणारे फार थोडे, आणि सगळ्यांनी विचारायला हवं. ऑस्ट्रेलियात फिट येण्याची आधी सूचना देणाऱ्या एका यंत्राची १५ जणांवर ट्रायल झाली, कंपनीचे पैसे संपले आणि एका बाईला ते नको असतानाही काढावं लागलं. त्यामुळे संमतीपत्रात हे शोधा: बॅटरीचा आणि दुरुस्तीचा खर्च किती वर्षं कोण देणार, काढायचं ठरलं तर कोण काढणार, डेटा कुणाकडे राहणार. नवीन यंत्राच्या ट्रायलला सीडीएससीओ या केंद्रीय औषध-उपकरण नियंत्रकाची परवानगी, एथिक्स कमिटी आणि सीटीआरआय या देशाच्या ट्रायल्सच्या नोंदवहीत नोंद लागते. सीटीआरआयची साइट कुणालाही बघता येते, नोंद सापडली नाही तर सही करू नका.

१७. रिसर्चला हो म्हटलं आणि ऑपरेशन टेबलवर नको वाटलं तर?

तर नको. त्या क्षणी टेस्ट थांबते, उपचाराचा भाग ठरल्याप्रमाणे पूर्ण होतो, कारण विचारत नाहीत. म्हणूनच आम्ही दोन्ही संमती वेगळ्या कागदांवर घेतो, आणि रिसर्चची ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने एकट्याने घ्यायची नाही असा नियम ठेवलाय, कारण ज्याच्या हातात आपलं डोकं द्यायचंय त्याला नाही म्हणणं अवघड असतं. फ्रेम लावल्यावर आणि औषधं बंद असताना पेशंट थकलेला असतो, मान अवघडते, घसा कोरडा पडतो, लघवीला जायचं असतं. तेव्हा तो "चालेल, करा" म्हणाला तरी आवाज ऐकायचा आणि गरज वाटली तर आपणच बंद करायचं. एएलएससारख्या आजारात, जिथे पेशंट फक्त डोळ्यांनी हो-नाही सांगू शकतो, तिथे तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारतो आणि दुसऱ्या दिवशी परत विचारतो. तिन्ही वेळा उत्तर जुळलं तरच पुढे.